शनिवारच्या विमानास बासष्ट मिनिटे लागू देणेबाबत

दिनांक : २ मार्च, सोमवार

प्रति,
मा. विभागीय परिचालन अधिकारी,
विभागीय कार्यालय, पलीकडचा विमानतळ
(पहिला मजला, जिन्यालगतची खोली)

विषय : पलीकडच्या विमानतळावरून अलीकडच्या विमानतळावर येणाऱ्या शनिवार सायंकाळच्या विमानास पन्नासऐवजी पूर्ववत बासष्ट मिनिटे लागू देणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. १९ जानेवारीचा तक्रार अर्ज (सदर विमानास बासष्ट मिनिटे का लागतात, याबाबत). २) आपले दि. २९ जानेवारीचे अभिनंदनपर पत्र. ३) दि. २८ फेब्रुवारी रोजी विमानातून आलेली चिठ्ठी.

महोदय,

१. विमान लवकर पोचावे म्हणून अर्ज करणारे आपणांकडे ढीगभर येत असतील. विमान उशिरा पोचावे म्हणून येणारा हा पहिलाच अर्ज असावा, याची अर्जदारास जाणीव आहे. अर्जदाराचे डोके ठिकाणावर आहे. खात्री करायची असल्यास वरिष्ठांस विचारावे. ते अर्जदाराविषयी बरेच काही बोलतील, पण असे बोलणार नाहीत.

२. अर्जदार अलीकडच्या विमानतळावर ठोकळ्यांच्या कामावर अकरा वर्षे चार महिने आहे. विमान येऊन उभे राहिले की त्याच्या चाकांना पुढून व मागून ठोकळे लावणे, व निघताना ते काढणे, एवढेच हे काम. लोकांना ते क्षुल्लक वाटते. परंतु आपण जाणताच की विमानाचा प्रवास किती वेळाचा, हे पायलट ठरवीत नाही, प्रवासी तर नाहीच नाही. तिकडे ठोकळे काढले ती वेळ व इकडे ठोकळे लावले ती वेळ, यांतले अंतर म्हणजे प्रवास. म्हणजे दोन विमानतळांमधला वेळ दोन ठोकळेवाल्यांच्या हातात असतो.

३. तिकडच्या ठोकळेवाल्यास अर्जदाराने आजतागायत पाहिलेले नाही. ओळख फक्त अक्षराची. निघण्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी कागदांच्या पाकिटातून विमानाबरोबर येते. तो वेळ लिहितो आणि खाली 'ठीक' असे लिहितो. अर्जदार परतीच्या चिठ्ठीवर वेळ लिहितो आणि खाली 'ठीक' लिहितो. नियमात हे कुठेही नाही, पण अकरा वर्षे चालले आहे. त्याचे अक्षर गोल, टपोरे आणि पाचाच्या शेपटीला एक झोकदार वळण. असे अक्षर असलेला माणूस लबाड असणार नाही, असे अर्जदार घरी अनेकदा म्हणाला होता. पत्नीसमोरच म्हणाला होता. ती चूक अर्जदार येथे नमूद करीत आहे.

४. अर्जदाराची पत्नी रुग्णालयात रक्त तपासण्याचे काम करते. गेल्या जूनमध्ये तिला बढती मिळून तिची बदली तिकडच्या मोठ्या रुग्णालयात झाली. रस्त्याने ते गाव चारशे अकरा किलोमीटर पडते व बस नऊ तास घेते. हवेतून मात्र दोनशे सेहेचाळीस किलोमीटर व पन्नास मिनिटे. कर्मचाऱ्याच्या कुटुंबास मिळणाऱ्या सवलतीच्या जागेवर ती शनिवारी सायंकाळी पाच चाळीसच्या विमानाने येई व सोमवारी सकाळी सात दहाच्या विमानाने जाई. अर्जदार चाके सांभाळीत असताना ती जिना उतरून शेजारून जाई. कामावर असताना पत्नीशी बोलू नये असा नियम नाही, पण अर्जदार तो पाळतो. अर्जदाराचे काम आटोपेपर्यंत ती सामानाच्या गाड्यांजवळच्या बाकावर अर्धा तास बसून राही. तो अर्धा तास अर्जदाराने कधी कुठे टिपून ठेवला नाही.

५. १८ ऑक्टोबरपासून मात्र चमत्कार सुरू झाला. मंगळवारी विमान पन्नास मिनिटांत येई, गुरुवारी पन्नास मिनिटांत येई, शनिवारी बासष्ट. चिठ्ठीवर वेळ रोजच्यासारखी '५.४०, ठीक', आणि इकडे घड्याळात सहा बेचाळीस. एखाद्या शनिवारी झाले असते तर अर्जदाराने मनावर घेतले नसते, पण ओळीने चौदा शनिवार झाले. प्रवाशांनी कुरकूर केली नाही, कारण एवढ्याशा विमानतळावर बारा मिनिटे मोजायला कोण बसले आहे? अर्जदार बसला आहे.

६. अर्जदाराने कोणावरही आळ घेण्याआधी सर्व बाजूंनी तपास केला. प्रथम वाऱ्याचा संशय आला. टॉवरमधील वेधशाळेच्या नोंदी पाहिल्या. वाऱ्याला शनिवार कळत असल्याचे आढळले नाही. मग अंतराचा संशय आला. पत्नीच्या शिवणाच्या डब्यातील दोरा घेऊन नकाशावर अंतर दोनदा मोजले, एकदा बुधवारी व एकदा शनिवारी. दोन्ही वेळा दोनशे सेहेचाळीस भरले. मग चष्मेवाल्या कॅप्टनचा संशय आला, कारण तो पत्नीला पाहून मान हलवतो. परंतु तो सर्वांनाच पाहून मान हलवतो. ती त्याची सवय आहे, असे चार दिवस पाळत ठेवल्यावर दिसून आले.

७. शेवटी पत्नीनेच, आपण काय बोलतो आहोत याची गंधवार्ताही नसताना, घरी जाताना रस्त्यात सांगितले, "तिथला ठोकळेवाला माणूस फार भला आहे हो. मी लांबून पळत येताना दिसले की छत्री घेऊन दारापर्यंत येतो. म्हणतो, सावकाश या बाई, विमान कुठे पळून जात नाही." अर्जदाराने विचारले, "छत्री कशाला? पाऊस होता का?" ती म्हणाली, "ऊन होतं." संध्याकाळी पावणेसहाला ऊन! अर्जदाराच्या अंगाचा तिळपापड झाला. सौजन्य म्हणून त्याने त्या रात्री जेवताना काहीही न बोलण्याचे ठरविले व ते पाळले. पत्नीने तीनदा विचारले, मीठ कमी आहे का. मीठ बरोबर होते.

८. तेव्हापासून अर्जदार सदर इसमास छत्रीवाला म्हणतो. त्याच्याविषयी चौकशी केली असता तो पुढील वर्षी निवृत्त होणार असून त्यास तीन नातवंडे असल्याचे समजले. यावरून अर्जदाराने निश्चिंत व्हावे, असे त्याच्या थोरल्या बहिणीचे मत पडले. ती म्हणाली, "अरे, आजोबा आहे तो!" नातवंडे झाली म्हणून माणसाचे डोळे जात नाहीत, असे अर्जदाराने तिला सांगितले. तो इतरही उतारूंसाठी थांबतो का, याचीही अर्जदाराने माहिती काढली. थांबत असता तर तो स्वभाव म्हणता आला असता. परंतु तो अन्य कोणासाठी कधी अर्धा मिनिटही थांबलेला नव्हता. ही माहिती मिळाली नसती तर बरे झाले असते.

९. १७ जानेवारी रोजी चष्मेवाला कॅप्टन विमानातून उतरून हसत हसत अर्जदारास म्हणाला, "तुमचा पलीकडचा गडी भारी डोकेबाज आहे राव! पाच चाळीसला पुढचे ठोकळे काढतो, तशी वेळ लिहितो, आणि मागचा एक तसाच ठेवून चाक निरखत बसतो. बाई जिना चढल्या की मागचा काढतो. मागचा निघाल्याशिवाय मला हलता येतं का?" महोदय, नियमात 'ठोकळे काढल्याची वेळ' एवढेच लिहिले होते. पुढचे की मागचे, हे लिहिले नव्हते. म्हणजे चिठ्ठी खोटी नव्हती. अकरा वर्षांत ही युक्ती अर्जदारास सुचली नव्हती. खरे सांगायचे तर अर्जदाराच्या पोटात जे दुखले ते या ठिकाणी दुखले. दुसऱ्याने आपल्या बायकोला छत्री धरली हे एक वेळ सोसेल, पण आपलेच काम आपल्यापेक्षा चांगले करून धरली, हे सोसवत नाही.

१०. याच ठिकाणी अर्जदारास एक गोष्ट सांगणे भाग आहे, जी संदर्भ क्र. १ मध्ये सांगितलेली नव्हती. नोव्हेंबरातील एका सोमवारी सकाळी अर्जदाराच्या गणवेशाला इस्त्री करता करता पत्नीस उशीर झाला. सात दहाला ती काचेच्या दारापाशी पोचली होती, बॅग हातात होती. अर्जदाराने सात दहाला चारही ठोकळे काढले आणि कॅप्टनला अंगठा दाखविला. ती नऊ तास बसने गेली. फोनवर एवढेच म्हणाली, "ठोकळे काढताना तुम्ही एकदाही दाराकडे पाहिलं नाहीत." अर्जदार म्हणाला, "नियम म्हणजे नियम." त्याच महिन्यात अर्जदारास 'वक्तशीर कर्मचारी' हे प्रशस्तिपत्र मिळाले. ते घरी भिंतीवर आहे. खिळा अर्जदारानेच ठोकला.

११. असो. संदर्भ क्र. १ अन्वये अर्जदाराने तक्रार केली व मागच्या ठोकळ्याची मेख आपल्या नजरेस आणून दिली. आपण तत्परतेने 'शेवटचा ठोकळा निघाल्याची वेळ हीच वेळ धरावी' असा आदेश काढला, छत्रीवाल्यास समज दिली, त्याची छत्री भांडारात जमा करून घेतली, आणि अर्जदाराचे त्याच्या जागरूकतेबद्दल अभिनंदन केले. अर्जदाराने ते पत्र बहिणीला मोठ्याने वाचून दाखविले. ती म्हणाली, "छान. आता बस वाचत." तिच्या बोलण्याचा अर्थ अर्जदारास तेव्हा कळला नाही.

१२. ३१ जानेवारीच्या शनिवारी विमान सहा तीसला आले. पन्नास मिनिटे, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. अर्जदाराने मोठ्या दिमाखात ठोकळे लावले आणि जिन्याकडे पाहिले. शेवटचा उतारू उतरला, मग हवाई सुंदरी उतरल्या, मग सफाईवाले वर चढले. पत्नी उतरली नाही. चिठ्ठीवर '५.४०' होते. खाली 'ठीक' नव्हते.

१३. फोनवर ती म्हणाली, काम होते. पुढल्या शनिवारी म्हणाली, पाळी बदलली आहे. त्यापुढल्या शनिवारी म्हणाली, बघू. चौथ्या शनिवारी फोन उचललाच नाही, फक्त निरोप आला : 'जेवून घ्या.' अर्जदाराने तो निरोप किती वेळा वाचला असेल याची मोजदाद नाही, आणि अर्जदार सहसा मोजतो. माणूस एकटा बसला की मन चिंती ते वैरी न चिंती. ती तिकडे का राहते, हे अर्जदाराच्या डोळ्यांपुढे लख्ख उभे राहू लागले : छत्री भांडारातून परत मिळाली असेल, रुग्णालयाच्या फाटकाशी तो गोल अक्षराचा माणूस उभा असेल, आता तर थांबायला विमानाचीही अट नाही. दोनशे सेहेचाळीस किलोमीटर हे अंतर फार असते, महोदय. नकाशावर ते वीतभरही भरत नाही, पण डोळा तेवढा पोचत नाही.

१४. परवा, २८ फेब्रुवारीस, पाचव्या शनिवारी चिठ्ठी आली. अकरा वर्षांत त्या अक्षरात वेळ आणि 'ठीक' याखेरीज अर्जदाराने काहीही वाचलेले नव्हते. परवा लिहिले होते :

'५.४०. बाई दारापर्यंत आल्या होत्या. मागचे चारही शनिवार. गेल्या वेळी ५.४९.'

१५. अर्जदार ती वाचीत उभा राहिला. कॅप्टनला वरून ओरडावे लागले. विमान सहा तीसला उभे राहूनही ठोकळे लागले सहा तेहेतीसला. त्या दिवसाच्या नोंदीत जी त्रेपन्न मिनिटे दिसतात, त्यांतील तीन अर्जदाराची आहेत. त्याबद्दल जी शिक्षा असेल ती मान्य आहे.

१६. काल रविवारी अर्जदाराने फोन केला व विचारले, "सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "ऑक्टोबरात सांगितलं होतं. शनिवारची पाळी आता सव्वापाचला सुटते म्हणून. तुम्ही चिठ्ठ्या लावत होतात." अर्जदार म्हणाला, "मग या पाच आठवड्यांत?" ती म्हणाली, "आता सांगून काय झालं असतं? तुम्ही घड्याळ दाखवलं असतंत. आणि छत्री कुणाच्या अर्जानं जमा झाली, ते मला इथे सगळ्यांनी सांगितलं." मग म्हणाली, "तो माणूस निदान दाराकडे बघत तरी होता हो."

१७. सव्वापाच आणि रिक्षाची पंचवीस मिनिटे, वर फाटकापासून दारापर्यंतची पळापळ. ही बेरीज करायला दोरा लागत नाही, नकाशा लागत नाही. चौदा शनिवार अर्जदार बारा मिनिटांचा हिशेब करीत होता, आणि ती बारा मिनिटे अर्जदाराकडेच येत होती हे त्याच्या ध्यानात आले नाही. अर्जदाराने स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, व त्याबद्दल आपणांकडून अभिनंदनही स्वीकारले. अर्जदारास लाज वाटते. तरीही, खोटे कशाला लिहा, छत्रीवाला अर्जदाराच्या डोळ्यांत अजून खुपतोच. कालपासून थोडा जास्तच.

१८. सबब अर्जदाराची विनंती पुढीलप्रमाणे :

(क) शनिवारच्या विमानाची सुटण्याची वेळच पाच बावन्न करावी. म्हणजे अर्जदाराच्या पत्नीसाठी थांबणारा कोणी इसम उरणार नाही, वेळापत्रक थांबेल. वेळापत्रकाविषयी अर्जदाराच्या मनात कसलाही किंतु नाही.

(ख) वेळापत्रक बदलणे शक्य नसल्यास, छत्रीवाल्यास मागचा ठोकळा पूर्ववत ठेवू द्यावा. अर्जदार तक्रार करणार नाही. छत्री परत द्यावी, परंतु ती ऊन वा पाऊस असेल तेव्हाच उघडावी, व संध्याकाळी पावणेसहास ऊन कितपत असते याचा अहवाल टॉवरकडून घ्यावा. हे पोटकलम गाळावे असे बहिणीचे म्हणणे आहे. अर्जदाराने ते गाळलेले नाही.

(ग) सोमवारी सकाळच्या विमानास एक मागचा ठोकळा ठेवण्याची मुभा अर्जदारासही मिळावी. किती मिनिटांसाठी, हे अर्जदारास सांगता येत नाही. त्याने कधी थांबून पाहिलेले नाही.

(घ) संदर्भ क्र. १ चा तक्रार अर्ज मागे घेतल्याचे समजावे. संदर्भ क्र. २ चे अभिनंदन सोबत परत केले आहे.

१९. शनिवार पाच दिवसांवर आहे. फायली कशा फिरतात हे अर्जदार जाणतो, म्हणून हा अर्ज टपालाने न पाठविता आज सकाळच्या सात दहाच्या विमानात, कागदांच्या पाकिटात घालून पाठवीत आहे. तो पन्नास मिनिटांत तिकडे पोचेल. पाकीट विमानातून उतरवून घेणारा इसम कोण, हे आपणांस ठाऊकच आहे. पाकीट मुद्दाम चिकटवलेले नाही. त्याने आपल्या आधी वाचले तर त्यास हटकू नये. कलम ९ त्याने दोनदा वाचले तरी चालेल.

विमान वेळेवर येत असल्याने गांजलेला,
आपला नम्र अर्जदार

(सही)
ठोकळेवाला, अलीकडचा विमानतळ

सोबत :
१) चौदा शनिवारांचा तक्ता. (आता उपयोग नाही, पण फार मेहनतीने केलेला आहे.)
२) अंतर मोजलेला दोरा. (परत मिळावा. शिवणाच्या डब्यात तो नसल्याचे पत्नीच्या लक्षात येण्यापूर्वी मिळावा.)
३) आपले अभिनंदनपर पत्र, मूळ प्रत.
४) 'वक्तशीर कर्मचारी' प्रशस्तिपत्र, चौकटीसह.
५) २८ फेब्रुवारीच्या चिठ्ठीची हाताने केलेली नक्कल. (मूळ चिठ्ठी देता येत नाही. कार्यालयाने आग्रह धरल्यास ती हरवली आहे असे समजावे.)